कुत्र्यांमागचा माणूस: येऊरच्या पायथ्याच्या एका वाडीचं प्रकरण

ठाण्यातल्या घोडबंदर रस्त्याच्या डोंगराकडच्या अंगाला अजून काही वाड्या तग धरून आहेत. एका बाजूला टॉवर, दुसऱ्या बाजूला संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाचं येऊरचं जंगल, आणि मधे आंबा, चिकू, फणस, एखादी विहीर आणि राखणदाराचं घर. हे प्रकरण अशाच एका वाडीचं आहे. ओळख पटेल असे तपशील मी गाळले आहेत आणि कुणाला नाव दिलेलं नाही. वाडी नौपाड्यात राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेच्या नावावर आहे. मी त्यांची वकील, त्यांना काकू म्हणते. वाडीवर एक वारली जोडपं आपल्या लहान मुलीसह राहतं. जमीन काकूंची, पण शेळ्या त्या जोडप्याच्या स्वतःच्या कष्टाच्या. हा फरक सुरुवातीला कुणाच्या लक्षात येत नव्हता आणि पुढे तोच महत्त्वाचा ठरला.

डिसेंबरमधल्या एका पहाटे जंगलाच्या बाजूने एक रानडुक्कर कुंपणातून आत घुसलं आणि त्याच्यामागे तीन कुत्री. गावठी नव्हेत. उंच, सडपातळ, लांब तोंडाची, गळ्यात रुंद चामडी पट्टे. वालाच्या वाफ्यातून आरपार धावत ती पलीकडच्या ओढ्यात उतरली. कुंपणाबाहेर चार माणसं उभी राहून हाकारे देत होती. त्यातले दोघं तार वाकवून आत आले, शीळ घालून कुत्री गोळा केली आणि निघाले. राखणदाराने अडवलं, तेव्हा उत्तर मिळालं, “मुकं जनावर आहे. कुत्रं काय सांगून येतं का?”

माणसं अनोळखी नव्हती. थोड्या अंतरावरच्या एका फार्महाऊसचा मालक आणि त्याचे पाहुणे. काकूंकडे त्याचा नंबर होता, कारण पाण्याच्या टँकरवरून पूर्वी बोलणं झालेलं. त्यांनी त्याच संध्याकाळी व्हॉट्सअपवर मेसेज टाकला: “आज सकाळी तुमची तीन कुत्री आमच्या वाडीत शिरली, वाल तुडवला. वाडीवर शेळ्या आहेत, लहान मुलगी आहे. कृपया कुत्री पुन्हा सोडू नका.” समोरून हात जोडल्याची खूण आली. तेवढंच. त्या वेळी काकूंना वाटलं की विषय संपला. या सगळ्या प्रकरणात त्यांच्या हातून झालेलं सगळ्यात मोलाचं काम म्हणजे तो मेसेज. कसं, ते पुढे येईलच.

जानेवारीत तीच माणसं, तीच कुत्री. या वेळी डुक्कर आधीच जखमी होतं. ते विहिरीच्या कठड्याशी कोसळलं आणि कुत्री तुटून पडली. बाजूलाच शेळ्या बांधलेल्या होत्या. दावं तोडून पळू न शकलेली एक गाभण शेळी कुत्र्यांनी गळ्याला धरून मारली, दुसरीच्या मागच्या मांडीचा लचका तोडला. राखणदाराची बायको काठी घेऊन धावली, तर एक कुत्रं तिच्या अंगावर आलं. हाताला नखांचे ओरखडे आले. माणसं आत आली, एकाच्या हातात भाला होता. त्यांनी दोन कुत्री आवरली. तिसरं कुंपणाच्या काटेरी तारेत पाय अडकून पडलं होतं. शेळीबद्दल चकार शब्द नाही. डुकराकडे बोट दाखवून ते राखणदाराला म्हणाले, “आम्ही गाडी घेऊन येतो, तोवर ठेव. तुझा वाटा तुला देऊ.”

राखणदाराने वाटा घेतला नाही. त्याने काकूंना फोन लावला, काकूंनी मला.

पहिल्या तासात काय केलं

काकू रिक्षात बसून वाडीकडे निघाल्या होत्या आणि त्यांचा भाचा बाइकवरून आधीच पोचला होता. भाच्याचं डोकं तापलेलं. त्याचं म्हणणं, अडकलेलं कुत्रं बांधून ठेवू आणि पैसे आणले की सोडू. आणि पुन्हा ही कुत्री आलीच तर मटणात औषध घालून ठेवू. त्याने मोबाइलवर कुठेतरी वाचलंही होतं की जनावरांवर हल्ला करणाऱ्या कुत्र्याला शेतकरी गोळी घालू शकतो.

मी आधी राखणदाराच्या बायकोबद्दल विचारलं. ओरखड्यालाही रेबीजची लस लागते, नुसता चावाच मोजायचा नसतो. साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं जखम धुवायची आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठायचं. लस तिथे मोफत मिळते. बाकी सगळं नंतर. ती जायला तयार नव्हती, शेळीजवळून हलेना. काकूंनी तिला रिक्षात घालून नेलं. रुग्णालयाच्या कागदावर “कुत्र्याच्या नखांचे ओरखडे” आणि तारीख-वेळ आली, तो पुढे पुराव्यातला पहिला कागद ठरला. पण तो पुराव्यासाठी घेतला नव्हता.

दुसरी गोष्ट, डुकराला कुणीही हात लावायचा नाही. हलवायचं नाही, पुरायचं नाही, झाकायचं झालं तर लांबून ताडपत्री टाकायची. वनखात्याची हेल्पलाइन १९२६, तिथे फोन करायचा, आणि पोलिसांसाठी ११२. तिसरी गोष्ट, अडकलेल्या कुत्र्याची सुटका करायची, पाणी द्यायचं, सावलीत बांधायचं, आणि मालकाला व वनखात्याला ताबडतोब कळवायचं की ते इथे आहे. आणि फोटो: कुंपण कुठे वाकलंय, पायांचे ठसे कुठून कुठे गेलेत, शेळीचा गळा, पट्टा. पट्ट्याच्या आतल्या बाजूला फोन नंबर शिवलेला होता. त्याचा जवळून काढलेला फोटो नंतर फार उपयोगी पडला.

डुक्कर कुणाचं

लोक या प्रश्नाला शेवटी ठेवतात. मी आधी ठेवते, कारण इथे चूक झाली तर तक्रार करणाराच आरोपी होतो.

वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. त्याच्या कलम २ मधली शिकारीची व्याख्या मुद्दाम वाचण्यासारखी आहे. जीव घेणं म्हणजे शिकार, एवढंच तिथे नाही. पाठलाग करून धरणं, फासे लावणं, सापळा लावणं, हाका घालून हाकलणं, आमिष दाखवणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं शिकार. म्हणजे कुत्री सोडून डुकराचा पाठलाग केला त्याच क्षणी शिकार झाली. डुक्कर निसटलं असतं तरी झाली असती. डिसेंबरच्या पहाटेची घटनासुद्धा कायद्याने शिकारच होती.

२०२२ च्या दुरुस्तीनंतर, १ एप्रिल २०२३ पासून, रानडुक्कर दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे कायद्याला जोडलेल्या संरक्षित प्राण्यांच्या दुसऱ्या यादीत आहे. कलम ९ प्रमाणे त्याची शिकार बंद. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पण शिकार राष्ट्रीय उद्यानाच्या आत झाली असेल तर कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सात. म्हणून पाठलाग कुठून सुरू झाला याला महत्त्व येतं. ठसे वाडीच्या कुंपणाबाहेर जंगलाच्या दिशेने मागे जात होते. ते पावसाळ्यात मिळाले नसते, आणि दुपारपर्यंत गुरांच्या पायाखाली गेले असते. फोटो काढताना बाजूला ओळखता येईल असं काहीतरी, म्हणजे हद्दीचा दगड, झाड, उद्यानाची भिंत, चौकटीत घ्यायला मी सांगितलं होतं.

पीक खाणाऱ्या डुकरांना मारायची परवानगी मिळते, हे खरं आहे. कलम ११ खाली वनखात्याचा अधिकारी तशी लेखी परवानगी देऊ शकतो. ती विशिष्ट क्षेत्रासाठी असते आणि कागदावर असते. या माणसांकडे असा कागद नव्हता. “डुकरांचा त्रास आहेच ना तुम्हालाही” असं ते नंतर म्हणाले. त्रास होताच, पण परवाना त्याने येत नाही. आणि आदिवासींना शिकारीचा हक्क आहे असं अनेकांना वाटतं, तेही खरं नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने पारंपरिक हक्कांना मान्यता देताना शिकारीचा हक्क स्पष्ट शब्दांत वगळला आहे. हे मी मुद्दाम लिहिते, कारण अशा प्रकरणांत संशयाची सुई आधी पाड्यावरच्या माणसाकडे वळते, आणि इथे शिकार करणारे गाडीतून आलेले होते.

कलम ३९ सांगतं की शिकार झालेला किंवा मेलेला आढळलेला वन्यप्राणी सरकारची मालमत्ता. तो कुणाच्या जमिनीवर पडला याचा संबंध नाही. काकूंच्या सातबाऱ्यावरची जमीन काकूंची, विहिरीशी पडलेलं डुक्कर सरकारचं. ते ज्याच्या ताब्यात आलं त्याने ४८ तासांत पोलिसांना किंवा वनाधिकाऱ्याला कळवलं पाहिजे. आणि कलम ५७ प्रमाणे ज्याच्या ताब्यात असा प्राणी सापडेल त्याचा ताबा बेकायदा होता असंच गृहीत धरलं जातं. उलट सिद्ध करण्याची जबाबदारी त्याच्यावर येते. आता “तोवर ठेव, तुझा वाटा तुला देऊ” हे वाक्य पुन्हा वाचा. राखणदार हो म्हणाला असता, तर छाप्यात मांस त्याच्या घरात मिळालं असतं, भाला आणि कुत्री फार्महाऊसवर सुखरूप राहिली असती, आणि तीन वर्षांची टांगती तलवार एका मजुराच्या डोक्यावर आली असती. त्याला कलमं माहीत नव्हती. त्याने नकार दिला तो स्वतःच्या समजुतीने.

वनखात्याची माणसं आली, पंचनामा झाला, पशुवैद्यकाने डुकराची तपासणी केली आणि नियमाप्रमाणे विल्हेवाट लावली. राखणदाराचा जबाब घेताना एक जागा अडली. तो म्हणाला, “रानातून कुत्री आली,” आणि लिहिणाऱ्याने “रानकुत्र्यांनी शेळी मारली” असं लिहिलं. रानकुत्रा म्हणजे कोळसुंदा, तो वन्यप्राणी. तसं राहिलं असतं तर शेळीचा दोष जंगलावर गेला असता आणि फार्महाऊसवाला मोकळा सुटला असता. काकूंनी जबाब वाचून घ्यायला लावला आणि “पाळीव, पट्टे बांधलेली कुत्री” अशी दुरुस्ती करून घेतली. वन्यप्राण्याने जनावर मारलं तर सरकार भरपाई देतं. पाळीव कुत्र्याने मारलं तर ती मालकाकडून घ्यावी लागते. तेव्हा जबाबावर सही किंवा अंगठा देण्याआधी तो मोठ्याने वाचून घेणं, हे अशा प्रकरणात टाळण्यासारखं नाहीच.

कुत्र्याचं शिरणं आणि माणसाचं शिरणं

भारतात “शिकारी कुत्री दुसऱ्याच्या जमिनीत गेली तर” असा स्वतंत्र कायदा नाही. गुरं शेतात शिरली तर १८७१ चा गुरांच्या घुसखोरीचा कायदा आहे, शेतकरी ती कोंडवाड्यात नेऊ शकतो. त्या कायद्यातल्या गुरांच्या व्याख्येत हत्ती, उंट, म्हशी, घोडे, गाढवं, डुकरं, मेंढ्या, शेळ्या असे सगळे येतात. कुत्रं येत नाही. म्हणून भाच्याची “बांधून ठेवू, पैसे आणले की सोडू” ही कल्पना कोंडवाड्याच्या ओळखीतून आली असली तरी कुत्र्याला लागू पडत नाही. कुत्रं ही मालकाची मालमत्ता. सुरक्षेसाठी तात्पुरतं ठेवून लगेच कळवलं तर ठीक. पैशासाठी अडकवून ठेवलं, तर उलटी फिर्याद होऊ शकते. वनखात्याच्या पंचनाम्यात त्या कुत्र्याची नोंद झाली आणि मग ते कागदावर सही घेऊन मालकाकडे गेलं. सही देताना “हे कुत्रं माझं आहे” असं त्याला लिहावं लागलं. त्या एका ओळीने “ती कुत्री आमची नव्हतीच” हा बचाव कायमचा बंद झाला.

आता मुख्य मुद्दा. कुत्रं स्वतः गुन्हा करत नाही, कारण गुन्ह्याला हेतू लागतो किंवा जाणीव लागते. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ मधली फौजदारी घुसखोरी माणसाची असते: गुन्हा करण्याच्या, धमकावण्याच्या किंवा त्रास देण्याच्या हेतूने दुसऱ्याच्या ताब्यातल्या जागेत शिरणं. शिक्षा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. कुत्रं चुकून शिरलं आणि मालकाने विचारून आत येऊन नेलं, तर हे कलम लागत नाही. भाला घेऊन, न विचारता, शिकार पुरी करायला आत आला, तर लागतं, कारण शिकार हाच गुन्हा आहे. कुंपण तुटकं होतं की धड, याने फरक पडत नाही. उघड्या बांधाच्या शेतातली घुसखोरीसुद्धा घुसखोरीच.

शेळीसाठी कलम ३२५: आगळीक करून जनावर मारणं किंवा निकामी करणं, पाच वर्षांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही. पण आगळीक म्हणजे नुकसान होईल याची निदान जाणीव असून केलेली कृती. फार्महाऊसवाल्याला जाणीव होती का? इथे काकूंचा डिसेंबरमधला मेसेज उभा राहतो. वाडीवर शेळ्या आहेत, लहान मुलगी आहे, कुत्री सोडू नका. आणि त्याखाली त्याची हात जोडल्याची खूण. पहिल्या वेळी “मला काय माहीत” म्हणता येतं. लेखी सांगितल्यावर, तीच कुत्री त्याच बाजूने पुन्हा सोडली, तर नाही म्हणता येत. माझ्या मते अशा वादात जमीनमालकाचा सगळ्यात मोठा हक्क हाच आहे की पहिल्याच वेळी, नुकसान किरकोळ असतानाच, समोरच्याला लेखी जाणीव करून द्यावी. भांडायला लागत नाही. तारीख, किती कुत्री, काय झालं, पुन्हा नको. बस.

कलम २९१ प्राण्याबाबतच्या निष्काळजीपणाचं आहे, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ते माणसाच्या जिवाला किंवा गंभीर दुखापतीला धोका असेल तेव्हाच लागतं, शेळीला असलेल्या धोक्याने नाही. राखणदाराच्या बायकोच्या अंगावर कुत्रं आलं होतं, म्हणून ते इथे बसलं.

दिवाणी बाजू वेगळी आणि जमीनमालकाला जास्त उपयोगी. तिथे दुष्ट हेतू सिद्ध करावा लागत नाही. आपल्याकडे या विषयावर सरळ लिहिलेलं कलम नसलं की न्यायालयं इंग्लंडच्या निवाड्यांकडे मार्गदर्शन म्हणून पाहतात. ते बंधनकारक नसतात, पण वजन असतं. १९८५ चा एक निवाडा अगदी याच प्रश्नावर आहे. शिकारीला विरोध करणाऱ्या लीग अगेन्स्ट क्रुएल स्पोर्ट्स या संस्थेने एक्समूर भागात हरणांना आसरा मिळावा म्हणून जमिनीचे तुकडे विकत घेतले होते आणि शिकारी कुत्र्यांची टोळी वारंवार त्यांत शिरत होती. न्यायमूर्ती पार्क यांनी ठरवलं की टोळीच्या प्रमुखाने कुत्री आत जावीत असा हेतू ठेवला असेल, किंवा त्यांना आवरण्यात निष्काळजीपणा केला असेल, तर घुसखोरीला तो जबाबदार. आणि कुत्री आत जाणारच हे माहीत असून कुणी मनाईच्या जमिनीलगत पुन्हा पुन्हा शिकार करत राहिला, तर त्याची ती बेपर्वाईसुद्धा हेतूसारखीच धरता येते. “कुत्रं काय सांगून येतं का” या प्रश्नाचं इतकं नेमकं उत्तर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही. कुत्रं सांगून येत नाही, पण सोडणाऱ्याला ते कुठे जाणार हे ठाऊक असतं.

परदेशी कायद्याचा आधार समोरच्यांनीही घेतला. त्यांचा एक मित्र म्हणाला की शिकाऱ्याला आपलं कुत्रं परत आणायला कुणाच्याही जमिनीत जायचा हक्क असतो. अमेरिकेतल्या व्हर्जिनियात तसा कायदा आहे खरा: पाठलाग दुसरीकडे सुरू झाला असेल तर मनाईच्या जमिनीतही कुत्र्यामागे जाता येतं, मात्र बंदूक न घेता. भाच्याने वाचलेलं इंग्लंडचं होतं: १९७१ च्या तिथल्या प्राणी कायद्यात शेतजनावरांना छळणाऱ्या कुत्र्याला मारल्याबद्दल विशिष्ट परिस्थितीत बचाव मिळतो. दोन्ही गोष्टी खऱ्या आणि दोन्ही ठाणे शहरात निरुपयोगी. आपल्याकडे शिकारच बंद असल्याने कुत्र्यामागे जाण्याचा हक्क कुठून येणार? आणि कुत्र्याला मारण्याची खास सूटही नाही.

कुत्र्याला हात लावायचा का

शेळीच्या गळ्यात दात असताना काठी हाणून कुत्रं सोडवलं, तर त्यात गुन्हा नाही. मोठं नुकसान टाळण्यासाठी, वाईट हेतू न ठेवता, गरजेपुरती केलेली कृती न्याय संहितेच्या कलम १९ मध्ये बसते. पण कुत्रं तारेत अडकून पडल्यावर रागाने मारलं, तर तोच माणूस कलम ३२५ चा आरोपी, तेच पाच वर्षांचं कलम जे आपण समोरच्यावर लावू पाहतोय. प्राण्यांच्या छळाच्या १९६० च्या कायद्याखाली पहिल्या गुन्ह्याचा दंड दहा ते पन्नास रुपये आहे म्हणून लोक निर्धास्त असतात. ३२५ त्यांना माहीत नसतं.

विषाबद्दल मी भाच्याशी कडक बोलले आणि पुन्हा बोलेन. येऊरच्या कडेला टाकलेलं विषारी मटण कुत्र्याची वाट बघत थांबत नाही. बिबट्या कुत्री खातो. विष खाऊन मेलेलं कुत्रंही त्याच्या तोंडी लागू शकतं. बिबट्या पहिल्या अनुसूचीतला प्राणी आहे, किमान तीन वर्षं. शिवाय वाडीवर एक लहान मुलगी खेळते. कुंपणात घरची वीज सोडण्याचंही तसंच. ते बेकायदा आहे आणि त्यात माणसं मरतात, बहुतेक वेळा घरचीच किंवा शेजारची. भाचा मनाने वाईट नाही. त्या सकाळी त्याने मेलेली गाभण शेळी पाहिली होती.

तक्रार, नोटीस, उत्तर

पोलिसांत पहिल्यांदा “कुत्र्यांची भांडणं आहेत, एनसी करा” असं झालं. एनसी म्हणजे अदखलपात्र नोंद, त्यावर न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशाशिवाय तपास होत नाही. पण ३२५, ३२९(३) आणि २९१ तिन्ही दखलपात्र आहेत. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे तक्रार ई-मेलनेही देता येते, तीन दिवसांत जाऊन सही करायची; आणि ठाण्यात नोंद झाली नाही तर पोस्टाने वरिष्ठांकडे. आम्ही लेखी तक्रार दिली, सोबत रुग्णालयाचा कागद, पशुवैद्यकाचा दाखला, वनखात्याच्या पंचनाम्याचा उल्लेख. वरिष्ठांच्या कार्यालयातून विचारणा झाल्यावर गुन्हा नोंदला गेला. मेसेजचा पुरावा देताना नुसता स्क्रीनशॉट चालत नाही. साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, आणि मूळ फोन जपून ठेवावा लागतो. काकूंना नवा फोन घ्यायचा होता, तो मी थांबवला.

तक्रारी दोन केल्या. घुसखोरीची तक्रार ताबा असणाऱ्या काकूंची, शेळीची तक्रार शेळीवाल्या राखणदाराची. सगळं एकाच मालकिणीच्या नावावर घातलं असतं तर भरपाईही तिच्याच नावावर गेली असती आणि ज्यांचं खरं नुकसान झालं ते साक्षीदार उरले असते. अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला आणि कोणत्याही स्त्रीला, उत्पन्न कितीही असो, १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली मोफत वकील मिळतो. राखणदार जोडप्याने ठाण्याच्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज केला आणि त्यांना स्वतःचा वकील मिळाला. मला हे बरं वाटलं. काकूंचं आणि त्यांचं हित आज एक आहे, उद्या असेलच असं नाही.

मी फार्महाऊसवाल्याला काकूंतर्फे नोटीस पाठवली. तिच्यात रागाचं एकही वाक्य नव्हतं: दोन तारखा, मेसेज, कुत्र्याच्या पावतीवरची सही, तुडवलेला वाल, वाकलेलं कुंपण, आणि मागणी की यापुढे वाडीच्या हद्दीलगत कुत्री मोकळी सोडणार नाही अशी लेखी हमी द्यावी, नाहीतर विशेष साहाय्य कायदा, १९६३ खाली कायमच्या मनाई हुकुमाचा दावा आणि दावा चालेपर्यंत तात्पुरता मनाई हुकूम मागू. उत्तर वकिलामार्फत आलं. कुत्री साखळी तोडून पळाली, डुक्कर भटक्या कुत्र्यांनी मारलं, आमचे पाहुणे फक्त कुत्रं सोडवायला आत गेले. साखळी दोनदा, एक महिन्याच्या अंतराने, तिन्ही कुत्र्यांची एकाच वेळी तुटली, हे न्यायालयात टिकणं कठीण होतं, आणि त्यांच्या वकिलालाही ते कळलं असावं. पंधरवड्यात बोलणीचा निरोप आला.

बैठकीत तो मालक काकूंसमोर खाली मान घालून बसला होता. “काकू, शेळीचे पैसे सांगा, विषय मिटवून टाकू.” काकू म्हणाल्या, “शेळी माझी नाही. ज्यांची आहे त्यांना विचार.” राखणदाराच्या बायकोने आकडा सांगितला. त्यात मेलेल्या शेळीसोबत पोटातल्या करडांचा, दुसऱ्या शेळीच्या औषधपाण्याचा आणि लसीसाठी बुडलेल्या मजुरीचा हिशेब होता. समोरच्याने घासाघीस केली नाही. रक्कम तिच्या बँक खात्यात जमा झाली, रोख नाही. काकूंना कुंपणाची आणि वालाची भरपाई मिळाली. हमीपत्रात लिहून घेतलं की कुत्री फार्महाऊसच्या आवाराबाहेर साखळीशिवाय नेणार नाही, चुकून आत गेलीच तर आधी फोन करून, राखणदाराच्या समक्ष, निःशस्त्र एकच माणूस येऊन नेईल. ही शेवटची अट मी मुद्दाम घातली. कुत्रं खरोखर चुकूनही येऊ शकतं, आणि त्या वेळी काय करायचं हे ठरलेलं असलं की काठ्या निघत नाहीत.

हमीपत्रात “डुकराच्या प्रकरणात तक्रार मागे घेऊ” असंही वाक्य त्यांनी टाकलेलं होतं. ते खोडायला लावलं. शिकारीचा गुन्हा काकूंचा नाही, सरकारविरुद्धचा आहे. तो मिटवण्याचा अधिकार त्यांना नाही, आणि पैसे घेऊन तसं लिहून देणं त्यांच्याच अंगावर आलं असतं. भरपाईची फाइल बंद झाली, वनखात्याची चालू राहिली. पोलिसांकडच्या गुन्ह्याचाही तपास सुरू आहे.

मनाई हुकुमाचा दावा आम्ही दाखल केलेला नाही. स्थावर जमिनीवरच्या घुसखोरीच्या भरपाईला मुदत कायद्याने तीन वर्षं मिळतात. हमी मोडली तर दोन्ही तारखा, हमीपत्र आणि मूळ फोन घेऊन दावा लावता येईल. तोवर काकूंनी कुंपणाच्या जंगलाकडच्या बाजूला नवी जाळी मारली, मोजणीच्या दगडांना रंग दिला आणि “खाजगी जागा, कुत्री सोडण्यास व शिकारीस मनाई” असा फलक लावला, त्याचा तारखेसह फोटो माझ्याकडे आहे. शेळ्या आता रात्री आणि पहाटे गोठ्यात असतात. वनखात्याच्या प्रकरणात राखणदार मुख्य साक्षीदार आहे. त्याला समन्स आलं की सोबत कोण जाणार, आणि त्या दिवशी वाडीवर कोण थांबणार, हे काकूंनी आणि त्याने आताच ठरवून ठेवलं आहे. त्या दिवसाची मजुरी काकू देणार आहेत.